मेंढरांची खतावणी

दिवाळी उरकली की आमच्या तात्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड, घाट उतरतो. तात्या म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. गाव माण तालुक्यात, जात धनगर, मेंढरं तीनशेच्या आसपास, दोन घोडी, तीन कुत्री आणि यंदा सुनेच्या काखेत एक नवं नातवंड. मार्गशीर्षापर्यंत ते कर्जत-पनवेलच्या खाचरांत पोचतात. तोवर भातकापणी झालेली असते. शेतकरी बोलावून घेतो. रात्री मेंढरं त्याच्या खाचरात वाघर (जाळीचं कुंपण) लावून बसवायची, सकाळी उठवून चरायला न्यायची. मोबदला म्हणून भात, हल्ली बहुतेक रोकडच. याला आमच्यात शेत खतावणं म्हणतात. मी वाशी मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मेहताजी आहे, दिवसभर खतावणी लिहितो. तात्या म्हणतात, धंदा एकच, तू कागदावर करतोस एवढंच.

बी.एस्सी. केलं होतं मी, वनस्पतीशास्त्र घेऊन. त्याचा उपयोग आता रविवारी होतो. मार्केट बंद असतं, कोपरखैरण्याहून पनवेल गाडी पकडून खारघरला उतरतो आणि डोंगरावर चढतो. सहा-सात वर्षं चढतोय. आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं होतं, ते मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनदा लांबलचक मांडलंही होतं: डोंगर बोडका होतोय तो वरच्या पाड्यांतल्या गुरांमुळे, चराईबंदी केली की दोन वर्षांत हिरवा होईल. दाखला म्हणून हिवरेबाजार दिला होता. अठ्ठावीस अंगठे आले होते.

गेल्या डिसेंबरात तात्या दोन दिवस घरी राहायला आले तेव्हा त्यांनाही वर नेलं. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. तांबडा फेटा, हातात काठी. गाडीत लोकांनी त्यांना खिडकीची जागा दिली, मला नाही.

वर पोचल्यावर मी त्यांना खालचं दाखवायला लागलो. ते टॉवर, ते गोल्फचं मैदान, तिकडं खाडी. तात्यांनी एकदा मान वळवली आणि परत खाली, पायाकडं बघायला लागले. पाच मिनिटांनी उकिडवे बसले. एका गवताचा ठोंब बोटांनी बाजूला करून म्हणाले, "बुडाला बघ. वर काय बघायचं?"

ठोंबाच्या बुडाशी मातीचा एक छोटा चौथरा झाला होता. ठोंब वर आणि भोवतालची भुई बोटभर खाली. म्हणजे ठोंब वाढून उंच झालेला नाही, शेजारची माती वाहून गेलीय. मी या वाटेनं किमान शंभर वेळा गेलो असेन.

आम्ही थांबलो होतो ती जागा पाण्याच्या वाटेवरची. पाड्यातली गुरं रोज दोनदा तिथून जातात. भुई पार घोटलेली, शाडूची असावी तशी. उभे होते ते टाकळ्याचे वाळलेले सोट, रानतुळस आणि थोडी घाणेरी. टाकळा गुरं तोंडात धरत नाहीत. आपण मात्र जूनमध्ये त्याची कोवळी भाजी आवडीनं खातो, तेव्हा ही सगळी बागायत कुणासाठी चाललीय कोण जाणे. तात्यांनी लगेच ओळखलं. "आमच्याकडं तरवड माजला की समजायचं, हितं जित्राब लय दिवस थांबलंय. तुमच्याकडं ह्यो टाकळा दिसतोय."

हेच आम्हाला कॉलेजात वेगळ्या नावांनी शिकवलं होतं. अमेरिकेतल्या डिक्स्टरहुइस यांनी १९४९ साली कुरणातल्या झाडाझुडपांचे चराईच्या हिशेबानं तीन गट पाडले. चराई वाढली की पहिल्यांदा कमी होतात ती घटती, त्यांची जागा घेतात ती वाढती आणि दोन्ही थकली की बाहेरून येतात ती उपरी. आपल्याकडं १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवतांच्या आवरणाचे पाच प्रकार मांडले, त्यातला दख्खनचा प्रकार पवना आणि मारवेल या गवतांच्या नावानं ओळखला जातो. ही दोन्ही गुरांची लाडकी, म्हणून सगळ्यांत आधी जातात. मग कुसळी नावाचं गवत पसरतं. त्यालाही दम मिळाला नाही तर नुसती वर्षायू (एका सालात संपणारी), बुटकी, काटकुळी गवतं, आणि शेवटी टाकळा, रानतुळस, गाजरगवत. परीक्षेत हा क्रम मी पाठ करून लिहिला होता, मार्कही मिळाले होते. डोंगरावर तो पायाखालून चाललाय हे उमजायला उकिडवं बसणारा माणूस लागला.

तात्या जनावरागणिक वेगळं बोलतात, तेही लिहून ठेवतो. गाय जिभेचा विळखा घालून गवत उपटल्यासारखं तोडते, त्यामुळे तिला फार बुडापर्यंत जाता येत नाही. मेंढराचा वरचा ओठ दुभंगलेला, तोंड निमुळतं. ते पार भुईला टेकून कुरतडतं. शेळी मान वर करून झुडपाचा शेंडा शोधते. म्हणजे "एक जनावर" असं काही नसतंच. (व्हॉट्सअॅपवर मी सगळ्यांना मिळून "गुरं" म्हटलं होतं.)

आता डब्याची गोष्ट. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, दोन्ही बाजूंचं तोंड कापलेलं, आणि पाण्याच्या लिटर-लिटरच्या पाच बाटल्या मी पाठीवर घेऊन आलो होतो. डबा जमिनीत दोन बोटं ठोकायचा, वरून एक लिटर ओतायचं आणि पाणी जिरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. शास्त्रज्ञ यासाठी दोन कड्यांचं उपकरण वापरतात, माझं गरिबाचं. पहिला प्रयोग फसला. मुरमात डबा नीट बसला नाही आणि अख्खं लिटर खालच्या फटीतून निसटून उताराला लागलं. तात्या गप्प होते, पण प्यायचं पाणी असं सांडलेलं बघून त्यांचं तोंड कसनुसं झालं. माणच्या माणसासमोर हे करू नये.

दुसऱ्यांदा पाण्याच्या वाटेवरच, पण थोडी माती असलेल्या ठिकाणी डबा बसला. चाळीस मिनिटं झाली तरी तळाशी पाणी चमकत होतं. मग दोन-अडीचशे पावलांवर, जिथं गुरं जातात पण रोज थांबत नाहीत अशा उतारावर: अकरा मिनिटं. तिसरी जागा तारेच्या कुंपणाआड. काही वर्षांपूर्वी तिथं वृक्षारोपण झालं होतं. कुणी केलं ते सोडा, रोपं बहुतेक मेली, पण कुंपण राहिलं आणि आत गवत कमरेएवढं झालं. तिथं पाणी साडेचार मिनिटांत गायब. तिन्ही ठिकाणी एकेकदाच केलंय, कुठल्याही परीक्षकानं हे फेकून दिलं असतं. तरी चाळीस आणि साडेचार यांतला फरक डब्याच्या चुकीचा नसावा.

कारण साधं आहे. मातीत जी पोकळी असते, मुळं कुजून झालेली, गांडुळांनी केलेली, ती खुराखाली दबते. गाईचा अख्खा भार चार छोट्या खुरांवर येतो. त्यातही ओली माती जास्त दबते, म्हणून पावसाळ्यात एकाच वाटेवर रोजची ये-जा झाली की ती वाट रस्त्यासारखी बनते. वरचं आच्छादन गेलं की पावसाचा थेंब थेट भुईवर आपटतो, बारीक कण उडतात आणि उरलेल्या भोकांत जाऊन बसतात. पपडी धरते. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. तिथं पपडीवरून वाहायला पाणीच कमी. इथं ते माती घेऊनच खाली उतरतं. जुलैत डोंगरावरचे ओहळ चहाच्या रंगाचे दिसतात ते त्यामुळे.

इथवर माझं व्हॉट्सअॅपचं मत शाबूत होतं, किंबहुना बळकट झालं होतं. कुंपणाकडं बोट दाखवून मी म्हणालो, "बघा तात्या, बंदी केली की काय होतं ते."

तात्यांनी तारेतून हात घालून गवताचा झुबका उपटला. वरून सोनेरी दिसणाऱ्या गवतात निम्म्याहून जास्त काळपट, गेल्या आणि त्याच्या मागच्या सालचं मेलेलं पान होतं. आतून नवा फुटवा अगदी विरळ. खाली बारकी झाडं नाहीत, फुलांची वाळकी डोकी नाहीत. कुंपणाचा एक कोपरा मागच्या वर्षीच्या वणव्यात जळून काळा पडलेला होता. "ह्ये तर चितेचं सरण रचल्यावानी झालंय," ते म्हणाले. "कुणी बिडी टाकली की गेलं. आन् ह्यो जुना पाला काढणार कोण? गवताला बी तोंड लागतं, बाबा."

मी थोडा गप्प झालो, कारण राजस्थानातलं भरतपूर आठवलं. केवलादेवच्या पाणपक्ष्यांच्या जंगलात १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. नंतर मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं तिथं जो दीर्घ अभ्यास केला त्यात निघालं की म्हशी गेल्यावर पाण्यात पॅस्पॅलम नावाचं गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि बऱ्याच पक्ष्यांना ते नडलं. म्हशी ते गवत फुकटात कापत होत्या. आमच्या साताऱ्यातही कासच्या पठारावर कुंपण घातल्यावर हाच वाद पेटला होता, चराई थांबल्यानं गवत वाढून फुलं दबताहेत की काय असा. आणि हिवरेबाजार? तिथल्या चराईबंदीत गुरांना आत सोडायला बंदी होती, गवत कापून न्यायला नव्हती. तोंड होतंच, फक्त विळ्याचं. हा अर्धा भाग मी ग्रुपवर लिहिलाच नव्हता.

उतरताना पाड्यातल्या एक मावशी भेटल्या. बारा गाई, आठ शेळ्या. तात्यांनी "रामराम बाई, कितव्या वेताची ती कपिली?" असं विचारलं आणि पुढची पाऊण घटका मला कुणी हिशेबात धरलं नाही. पण त्या बोलण्यातच खरी गोष्ट निघाली. मावशींच्या लहानपणी पाड्यात चाळीस-पन्नास गुरं होती. आजच्या जवळजवळ चौपट! तरी डोंगरावर पुरुषभर गवत असायचं, कापून भारे खाली विकायला न्यायचे. का, तर गुरं डोंगरावर असायची फक्त पावसाळ्यात, खाली खाचरांत भात उभं असेपर्यंत. कापणी झाली की ती खाली सोडायची. मोकळ्या खाचरांत, बांधांवर, खाडीच्या कडेला ती थेट ज्येष्ठापर्यंत फिरायची. आता खाली खाचर नाही. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेतली, त्यात गुरांची उन्हाळ्याची जागाही गेली. तिथं सेक्टर झाले. गाई बारा उरल्या, पण त्या बाराही महिने डोंगरावरच.

खाचरं गेली, तशी डोंगराची सुट्टीही गेली.

घरी येऊन मी वहीत मांडलं, सवयच ती. एकरी गाईदिवस असं एक खातं उघडलं. आजचं: १२ गाई, ३६५ दिवस, गुरांच्या टप्प्यातला उतार नकाशावर अंदाजानं ३० एकर. म्हणजे एकरी १४६. मावशींच्या लहानपणीचं: ४५ गाई, पावसाळ्याचे १२० दिवस, कुंपणाआड गेलेला भाग धरून ६० एकर. एकरी ९०. एकरांचे आकडे माझे डोळ्यांनी काढलेले आहेत आणि शेळ्या मी सोडल्यात, त्यामुळे यावर कुणी पैज लावू नये. पण पंचेचाळीसच्या बारा झाल्या आणि डोंगरावरचा भार दीडपटीहून जास्त झाला, हे वाचून मी वही दोनदा तपासली.

तात्यांना दाखवलं. "आकडा राहू दे. पयल्या पावसात हितं कोण असतंय ते सांग."

त्यांचा मुद्दा माझ्या खात्यात बसत नव्हता, पण बरोबर होता. पूर्वी कापणीनंतर डोंगरावर पाच-सहा महिने जे वाळकं गवत नि खोडवा उभा राहायचा तो जूनच्या पहिल्या सरीला भुईवर पांघरुणासारखा असायचा. आता मे संपेपर्यंत त्यातलं काडीभर उरत नाही. पहिला पाऊस उघड्या पाठीवर पडतो. आणि नवा कोंब दोन बोटं वर आला की त्याच आठवड्यात तो खाल्ला जातो, कारण गाई तिथंच उभ्या असतात.

कोंबाचं गणितही जुनं आहे. गवताचा वाढीचा डोळा बुडाशी असतो, म्हणून वरून खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं. झुडपाला हे एवढं सहज जमत नाही. पण त्यालाही हद्द आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले क्रायडर यांनी १९५५ साली छापलेल्या प्रयोगांत गवतं वेगवेगळ्या प्रमाणात छाटून मुळं बघितली. निम्म्यापर्यंत पान गेलं तर मुळांना फारसा फरक पडत नाही. ऐंशी टक्के गेलं की मुळांची वाढ कित्येक दिवस ठप्प. त्या दिवसांत पुन्हा छाटलं की पुन्हा ठप्प. वरून हिरवं दिसत राहतं आणि खाली मूळ आखूड होत जातं, मग फेब्रुवारीतल्या उन्हात ते ओल गाठू शकत नाही. माझ्या गाळ्यावर असे व्यापारी बघितलेत मी, रोज थोडी उचल घेणारे. दुकान उघडं असतं, भांडवल संपलेलं असतं.

म्हणून मेंढरांचा वाडा एका जागी का थांबत नाही, याचं उत्तर मला आता दोन भाषांत येतं. तात्यांच्या भाषेत: "तिसऱ्या दिवशी मेंढरू तोंड फिरवतंय, मग आपून पाय फिरवायचा." तीनशे मेंढरं दोन रात्री एका खाचरात बसली की लेंडी आणि मूत जमिनीभर सारखं पडतं. उलट गुरं रोज एकाच झाडाखाली बसली तर सगळं खत त्या झाडाखाली आणि बाकीचा उतार उपाशी. पाण्याच्या वाटेजवळच्या वडाखाली मी नंतर जाऊन बघितलं, शेणाचा थर घोट्याएवढा आणि त्यात एक काडी उगवलेली नाही.

तात्या संत आहेत असं मात्र समजू नका. त्यांच्या माळाचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी काठीनं नखाएवढी रेघ मारली. "आमचा माळ बी काय सोन्याचा न्हाय." पवनचक्क्या आल्या, त्यांचे रस्ते आले, कुठं लागवड म्हणून चर खणले आणि मेंढरांना मज्जाव झाला. उरलेल्या माळावर चार गावांची मेंढरं. तिथं मारवेल आता बांधाला नाहीतर काटेरी बोरीच्या जाळीतच दिसतं, तोंड पोचत नाही तिथं. घाट उतरण्याची जुनी वाटही मोडत चाललीय. मोठ्या द्रुतगती रस्त्यावर मेंढरांना बंदी, जुन्या रस्त्यावर ट्रकखाली परवा दोन कोकरं गेली. आणि कर्जतकडं खाचरांत दर वर्षी एखादं नवं कुंपण, आत फार्महाऊस. मालक गोणीतलं खत आणतो.

जगात सगळीकडं गवत एवढं नाजूक नसतं, हेही नमूद करतो. कोलोराडोत एका संशोधन कुरणावर १९३९ पासून हलकी, मध्यम आणि जड चराई शेजारी-शेजारी ठेवून बघताहेत. तिथली बुटकी गवतं जड चराईतही तग धरून आहेत, कारण हजारो वर्षं गव्यांसारख्या बायसननी ती खाल्ली आणि पाऊसही कमी. तिथला निष्कर्ष उचलून खारघरवर चिकटवला की माझ्यासारखी गत होते, मी हिवरेबाजारचा चिकटवला होता तशी.

ग्रुपवर मी नवं लिहिलं. जुनं मत मागं घेतो, बंदीऐवजी कुंपणातला तुकडा पावसाळ्यानंतर कापायला पाड्याला द्यावा आणि पाण्याच्या वाटेकडचा उतार एक पावसाळा मोकळा सोडावा, आळीपाळीनं. तीन अंगठे. त्यातला एक बायकोचा.

त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या मोज्यांत शंभरेक कुसळं घुसली होती. लेक ती चिमट्यानं काढत होती. तिला म्हटलं, एक ओल्या फडक्यावर ठेव. कुसळीच्या बीला लांब, पिळलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यानं बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. फडक्यावर ते हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागलं तशी ती किंचाळली, मग दहा-बारा कुसळं तिनं गॅलरीतल्या कुंडीत नेऊन टाकली. तुळस होती त्यात, गेल्या उन्हाळ्यात वाळलेली.

जूनच्या शेवटी कुंडीत गवत आलं. आता हातभर झालंय. परवा तिनं व्हिडिओ कॉलवर आजोबांना ते दाखवलं. तात्या गावी पोचलेत, मागं मेंढरं ओरडत होती, पाऊस अजून नव्हता. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं.

"ब्येस आलंय," ते म्हणाले. "पर तिसऱ्या मजल्यावर त्याला तोंड लावायला मेंढरू कुठनं आणतीस, पोरी?"